खळीचं घड्याळ

तुम्ही ज्या गाडीतून उतरलात ती अडीच फुटी रुळांवरून आली. साल १९११. बार्शी लाइट रेल्वे यंदाच लातूरला येऊन टेकली आहे आणि गाडी आली की नुसती बघायला म्हणून माणसं जमतात. लातूर जिल्हा व्हायला १९८२ उजाडायचं आहे. आत्ता ते निजामाच्या राज्यातलं पेठेचं गाव. गंजगोलाई शोधू नका, ती उभी राहायला अजून सहा वर्षं आहेत. माघ सरत आलाय, सकाळचा गारवा टिकून आहे आणि अडतीवर चिंच उतरतेय. फोडलेल्या चिंचेचा आंबूस वास नाकात बसतो. गोळे भरून गेले की मागे चिंचोके उरतात. त्यांना इथं कुणी विचारत नाही. पोरं खेळायला ओंजळभर उचलतात. एक बाई मात्र सूप भरून घेतेय. तिच्या मागे जा.

घर सणगराचं आहे. अंगणात दोन टोकांना मेखा ठोकून लोकरीचा ताणा ताणलाय, काळाभोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घोंगडीचा ताणा. हातानं कातलेल्या लोकरीला अंगभर बारीक केस सुटलेले असतात. तसाच तो मागावर चढवला तर शेजारशेजारच्या तारा एकमेकींत अडकतील आणि पटापट तुटतील. म्हणून आधी खळ. चिंचोके भाजून वरचं तपकिरी टरफल काढलेलं, भिजवून पाट्यावर वाटलेलं, आणि आता चुलीवर पाणी घालून शिजवणं चाललंय. म्हातारी डाव वर धरते. उकळत असताना खळ पातळ धारेनं पडते. तेच भांडं खाली उतरवून थोडा वेळ ठेवलं की धार जाड होते, लोंबते, मधेच तुटते आणि तुटलेलं टोक वर आक्रसून जातं. ते टोक वर जाताना नीट बघून ठेवा. पुढच्या शंभर वर्षांतली सगळी भानगड त्यात आहे.

‘‘काय बघलालाव, पाव्हणं?’’ म्हातारा विचारतो. ‘‘हात नका लावू. केसं उठतेत.’’

तो कुंचा बुडवतो आणि ताण्यावरून ओढतो. एकाच बाजूनं. परत येताना कुंचा उचलतो, घासत आणत नाही. खळ कोमट आहे. ना कढत, ना गार. आणि त्याला घाई आहे, कारण ऊन चढायच्या आत अर्धं काम उरकायचंय. हे तीन नियम त्याला बापानं दिले. का, ते बापानंही विचारलं नव्हतं. जगात आत्ता कुणाला विचारून उपयोगही नाही. खळ, डिंक, रबर, लोकर ही सगळी लांबच लांब रेणूंची बनलेली असतात हे हर्मान स्टाउडिंगर १९२० साली मांडेल, पुढं कित्येक वर्षं त्याची टिंगल होईल आणि १९५३ साली त्यालाच नोबेल मिळेल. १९११ साली लातुरातला हा म्हातारा आणि युरोपातला रसायनशास्त्राचा प्राध्यापक या बाबतीत सारखेच अनभिज्ञ आहेत. फरक एवढाच की म्हाताऱ्याचं काम अडलेलं नाही.

आता लहान व्हा. लोकरीच्या एका तंतूच्या पृष्ठभागावर उभं राहता येईल इतके लहान. तुमच्या भोवती जे तरंगतंय ते झायलोग्लुकन, चिंचोक्याच्या पिठाचा मुख्य ऐवज. ग्लुकोजच्या मण्यांची एक लांब साखळी. दर चार मण्यांतल्या तिघांना झायलोजची फांदी आणि त्यांतल्या काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज. ताणून सरळ केली तर अशी एक साखळी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याइतकी भरेल. माणसाच्या एका केसाच्या रुंदीत अशा साठ-सत्तर एकापुढे एक मावतील. पण ती सरळ कधीच नसते. पाण्याचे रेणू तिला चारही बाजूंनी अखंड धक्के देतात, त्यामुळे ती वेड्यावाकड्या गुंडाळीत राहते आणि लांबीच्या दहाव्या हिश्श्यात मावते. ओढली तर लांबते, सोडली तर पुन्हा गुंडाळते. डावावरून तुटलेलं खळीचं टोक वर गेलं ते याच कारणानं.

पायाखाली बघा. तंतूला चिकटलेल्या साखळ्या सपाट पडलेल्या नाहीत. काही तुकडे पृष्ठभागाला घट्ट धरून आहेत, त्यांच्या मधल्या भागाच्या कमानी वर उठल्यात आणि टोकं मोकळी हलताहेत. त्या टोकांत वरच्या मोकळ्या साखळ्या गुंतल्यात. कुंचा अजून आलेला नाही, त्यामुळे सगळं सैल, गोलगोल, कुठल्याच दिशेचं नाही.

कुंचा आला. तुमच्या पायाशी प्रवाहाचा वेग शून्य आहे, कारण तंतूला टेकलेलं पाणी हलत नाही. डोक्याच्या उंचीवर ते पळतंय. एकाच साखळीचा पाय थांबलेला आणि डोकं ओढलं जातंय. ती प्रवाहाच्या दिशेनं लांबते, लांबता लांबता खाली कलते आणि पृष्ठभागाला जवळजवळ टेकते. तिथं वेग कमी, म्हणून ओढही कमी. पाण्याचे धक्के पुन्हा जिंकतात, ती आक्रसते, वर उठते, की पुन्हा वेगाच्या तावडीत सापडते. लांबणं, पडणं, आक्रसणं, उठणं. एका टोकाला बांधलेली साखळी भिंतीलगतच्या प्रवाहात असाच फेर धरते, हे डीएनएचे रेणू सूक्ष्मदर्शकाखाली बांधून लोकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीला प्रत्यक्ष पाहिलं. ज्या मोकळ्या आहेत त्यांचं वेगळंच: जोराचा प्रवाह त्यांना भिंतीपासून दूर सारतो आणि पृष्ठभागालगत पाणचट थर उरतो. म्हणजे तंतू एकीकडे काही साखळ्या धरून ठेवतोय आणि प्रवाह बाकीच्या हाकलून लावतोय.

कोण जिंकणार हे ठरतं घड्याळावर. प्रत्येक साखळीला तिचं घड्याळ असतं: ताणून सोडल्यावर पुन्हा गुंडाळायला लागणारा वेळ. पातळ खळीत तो सेकंदाचा शतांश किंवा त्याहूनही कमी. म्हाताऱ्याचा हात साधारण अर्धा मीटर दर सेकंदाला जातो आणि कुंचा नि तार यांच्यात खळीचा थर दशांश मिलिमीटरचा धरा. भागाकार केला तर थरातले पदर एकमेकांवरून सेकंदाला पाच हजारांच्या दरानं घसरताहेत. साखळीला गुंडाळायला वेळच मिळत नाही, ती ताणलेलीच राहते. कुंचा पुढं गेला की शतांश सेकंदात सगळं पुन्हा गुंडाळलेलं.

मग एका दिशेनं ओढून मिळवलं काय? एका फटकाऱ्यात काही नाही. म्हणून तर तो थांबत नाही. खळ लावून झाली तरी कोरडा कुंचा फिरवतच राहतो, सुकेपर्यंत. पाणी उडून जातं तशी साखळ्यांची गर्दी वाढते, गुंता वाढतो आणि घड्याळ मंद होत जातं. शतांश सेकंदाचं सेकंदावर येतं, मग मिनिटावर. एक क्षण असा येतो की कुंच्यानं जे लांबवलं ते आक्रसायच्या आत आणखी पाणी उडतं आणि घड्याळ बंद पडतं. त्या क्षणी केस ज्या बाजूला निजले, साखळ्या जशा पडल्या, तशा त्या गोठल्या. दुपारच्या उन्हात हेच केलं असतं तर वरची पापडी आधी धरली असती, आत ओल राहिली असती आणि केस उभेच्या उभे अडकले असते. कढत खळ लावली असती तर घड्याळ इतकं जलद की कुंच्याचा काही परिणामच टिकला नसता. शिवाय पातळ खळ लोकरीतून ओघळून गेली असती. गार असती तर कुंच्याला गोळे आले असते. बापानं दिलेले तीन नियम म्हणजे हे घड्याळ हाताच्या वेगाशी जुळवायची युक्ती होती. उष्णतेनं ते पुढं सरकतं, सुकण्यानं मागं पडतं, आणि कारागिरी असते ती या दोन्हींच्या मधल्या फटीत.

उठा. नांदेडला जायचंय.

साल १९४४, कचेरीतल्या कागदांवर फसली १३५३. मीटरगेजच्या स्टेशनातून बाहेर पडलात की उस्मानशाही मिलचं धुराडं दिसतं. नाव सातव्या निजामाचं, पगार निजामी चलनात, हाली सिक्क्यात, कापूस भोवतालच्या काळ्या रानातला. गावराणी, लांब धाग्याचा. नांदेडच्या तलम कापडाची जुनी कीर्ती याच कापसावर उभी आहे. भोंगा झाला, पाळी बदलली. तुम्ही थेट सायझिंग खात्यात या. अंगणातला कुंचा इथं यंत्र होऊन बसलाय.

मागे ओळीनं बीमं लावलेली. त्यांवरून शेकडो तारा चादरीसारख्या एका पातळीत सरकत येतात, वाफेनं तापवलेल्या खळीच्या हौदात बुडतात, दोन जड रुळांमध्ये पिळल्या जातात आणि तिथून तांब्याच्या प्रचंड सिलिंडरांना वेढा घालून सुकत पुढं जातात. सिलिंडरांच्या पोटात वाफ आहे. हौदावर झुकलात तर तोंडाला वाफारा लागेल आणि त्यात मैद्याच्या लापशीचा आणि चरबीचा मिळून एक जड वास येईल. हो, चरबी. मटणाची. खळ कडक होऊ नये म्हणून घालतात, आणि गिरणीत काम करणारे कितीतरी जण हे घरी सांगत नाहीत.

जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पन्नाशीचा आहे. हौदात बोट घालणं शक्य नाही, म्हणून तो लाकडी पट्टी बुडवून वर काढतो आणि धार बघतो. लातुरातल्या म्हातारीनं बघितली तशीच. खळ नव्वद अंशांच्या आसपास असायला हवी. थंडावली की साखळ्यांचं घड्याळ मंदावतं, खळ दाट होते आणि पिळणीच्या रुळांखाली सुताच्या आत न शिरता वरच्यावर बसते. तिचा बाहेरून जाड सांगाडा होतो, आतून धरायला मुळं नसतात. मागावर पहिला घर्षणाचा झटका बसला की सालपटं निघतात. फार तापवून फार वेळ उकळली तर उलटं होतं. साखळ्याच तुटतात, खळ पाण्यासारखी होते, सगळी आत मुरते आणि वरचे केस मोकळे राहतात. तारेला दोन्ही हवं: आत थोडी मुळं, वर पातळ सलग कवच.

वेगाचं गणित आणखी वाकडं. तुम्हाला वाटेल यंत्र जोरात पळवलं तर तार हौदात कमी वेळ राहील, कमी खळ उचलेल. होतं बरोबर उलट. रुळांच्या चिमटीत तारेबरोबर खळीची पाचर ओढली जाते; वेग जितका जास्त तितका त्या पाचरीचा दाब जास्त, वरचा रूळ किंचित उचलला जातो आणि जास्त खळ पलीकडे निसटते. म्हणून वेग वाढवायचा तर रुळावर वजन वाढवावं लागतं. जॉबर ते न बोलता करतो.

त्याचं सगळ्यात मोठं वैर थांबण्याशी आहे. एक तार तुटून गुंडाळली गेली, शेजारच्या पोऱ्यानं दांडा ओढला, यंत्र उभं. ‘‘अरे मियां, मशीन रुक गई तो माल गया समझो!’’ तो धावतो आणि यंत्र हळू चालीवर टाकतो, तारा जेमतेम सरकत ठेवतो. कारण थांबलेल्या तारेचं काय होतं ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसतं. हौदातली तार नको इतकी फुगते. सिलिंडरवरची करपते. आणि या दोहोंच्या मधली, रूळ सोडून सिलिंडरला न पोचलेली, हवेत लटकून गार होते. तिच्यावरच्या स्टार्चच्या सरळ साखळ्या प्रवाह थांबल्याबरोबर एकमेकींशेजारी रांग धरतात आणि कडक, पाण्यात पुन्हा न विरघळणारी कातडी बनवतात. पुढं कापडात तेवढाच पट्टा वेगळा दिसतो. कापड तपासणारा त्यावर बोट ठेवून सांगू शकतो की यंत्र कुठं थांबलं होतं.

आता साचा खात्यात जा. इथं माग धडधडताहेत आणि मुद्दाम हवेत पाणी फवारलंय. मे महिन्यातलं नांदेड म्हणजे कोरडी भट्टी. मुंबईच्या गिरणीला समुद्राची दमट हवा फुकट मिळते. इथं ती बनवावी लागते. सुकलेल्या खळीत थोडं पाणी राहिलं तर साखळ्यांना हलायला जागा राहते, कवच लवतं. तेवढंही उडालं की ते काचेसारखं ठिसूळ होतं, मागाखाली पांढरी भुकटी साचते आणि तारा तुटायला लागतात. म्हणजे सायझिंग खात्यात गोठवलेलं घड्याळ इथं किंचित चालू ठेवावं लागतं. अगदी किंचित.

युद्ध चालू आहे, स्टार्चची चणचण आहे. मका, गहू, साबुदाणा ही सगळी आधी पोटाची गरज. याच धांदलीत, १९४२-४३ मध्ये, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं खळीसाठी नवा माल शोधताना चिंचोक्यावर बोट ठेवलं आणि देशातल्या गिरण्यांसाठी चिंचोक्याची पूड तयार व्हायला लागली. नवा माल! लातूरच्या सणगराला हे ऐकवलं असतं तर त्यानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकून दुसरीकडे बघितलं असतं. पण डेहराडूनची बाजूही घ्यायला हवी. लोकरीवर चालणारं कापसावर चालेलच असं नव्हतं, आणि खरं तर कापसावर ते जास्त चांगलं चालतं. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजचा कणा ग्लुकोजच्या मण्यांचा; तो ज्या तऱ्हेनं जोडलेला त्याच तऱ्हेनं चिंचोक्यातल्या साखळीचा कणा जोडलेला आहे. झाडांच्या पेशींच्या भिंतीत झायलोग्लुकन सेल्युलोजला बिलगूनच असतं. चिंचोक्याची साखळी सुताजवळ आली की तिला सोयरं भेटतं. ती तुकड्यातुकड्यांनी त्याच्यावर आडवी होते आणि नुसत्या पाण्यानं धुतली तर सहज सुटत नाही.

आणि सोडवावी तर लागतेच, ही यातली मौज. खळ ही विणून होईपर्यंतचीच. आज उदगीरला विणलेली खादी प्रक्रियेसाठी अहमदाबादला जाते आणि नांदेडला परत येऊन तिचे राष्ट्रध्वज शिवले जातात. अशा कुठल्याही कापडाला धुलाई-रंगाईत पहिलं काम खळ काढण्याचं असतं. इतकी मेहनत करून बसवलेला थर, आणि कापड घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. उस्मानशाहीचंही पुढं तसंच झालं म्हणा. १९७४ साली आजारी गिरण्यांच्या यादीतून ती सरकारकडे आली, नंतर बंद पडली.

पुणे, २०००. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. नांदेड-लातूर सोडून इथं यायचं कारण म्हणजे इतका वेळ पायाखाली धरून चाललेलं एक गृहीतक इथं तपासलं जातंय: भिंतीला टेकलेल्या द्रवाचा वेग शून्य. पाण्यापुरतं ते ठीक. पण वितळलेलं पॉलिथिन एका बारीक नळीतून दाबून काढा आणि दाब वाढवत न्या. एका मर्यादेनंतर ते भिंतीवरून चक्क घसरतं. कधी चिकटतं, कधी घसरतं, असे आचके देत बाहेर पडतं. पियेर-जिल द जेन आणि फ्रान्स्वाज ब्रोशार यांनी १९९२ साली सुचवलं की भिंतीला बांधलेल्या साखळ्या प्रवाहानं ताणल्या जाऊन वरच्या साखळ्यांच्या गुंत्यातून सुटत असणार. दुसऱ्या काहींचं म्हणणं होतं, गुंता बिंता काही नाही, त्या भिंतच सोडतात. इथं योगेश जोशी, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी दोन्ही वाटा एकाच गणितात बसवल्या. भिंतीलगतच्या साखळ्यांचं त्यांनी एक जाळं कल्पलं. त्यातल्या गाठी सतत सुटतात आणि बांधल्या जातात, काही गाठी भिंतीशी, काही शेजारच्या साखळीशी. प्रवाह सुटण्याचा वेग वाढवतो. तापमान दोन्ही वेग बदलतं, पण सारखे नाही. कुठली गाठ आधी हार खाईल त्यावर घसरण कशी होईल ते ठरतं.

मला या कामात आवडतं ते हे की भांडण सोडवताना त्यांनी कुणाला खोटं पाडलं नाही. माशेलकर त्या सुमाराला दिल्लीत सीएसआयआरचे महासंचालक होते, देशभरच्या प्रयोगशाळांचा गाडा हाकत होते, आणि तरी भिंतीलगतच्या त्या इवल्याशा थरात त्यांचं मन अडकलेलं होतं.

लातूरला परत येताना वाटेत एक मिनिटाचा थांबा. औषधनिर्माणशास्त्र शिकवणारं कुठलंही महाविद्यालय धरा, काळ आत्ताचा, उन्हाळा. परीक्षानळीत पुन्हा आपलं चिंचोक्याचं झायलोग्लुकन आहे, फक्त एका विकराकडून त्याच्या फांद्यांची टोकं, म्हणजे गॅलॅक्टोज, तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त छाटून घेतलेली. गार पाण्यात ते पातळ वाहतंय. नळी मुठीत धरा. दोन-चार मिनिटांत ते घट्ट होतं, नळी उलटी केली तरी पडत नाही. गार केलं की पुन्हा पातळ. आतापर्यंत तुम्ही शिकलात की उष्णतेनं खळ सैल होते. इथं उष्णतेनं साखळ्या एकमेकींना धरताहेत. टोकं होती तोवर पाणी त्यांना बिलगून राहायचं आणि कणे दूर राहायचे. टोकं गेली, त्यात ऊब आली की पाणी सुटतं आणि उघडे कणे एकमेकांना चिकटतात. थेंबानं घालायचं, शरीराच्या उबेत जागच्या जागी बसून हळूहळू औषध सोडायचं, अशा कामासाठी यावर जगभर प्रयोग झालेत. डोळ्यात पातळ थेंब टाकला तर पापणीच्या दोन उघडझापींत वाहून जातो; हा चिकटून राहतो. मात्र मे महिन्यात नांदेडच्या दुकानातल्या फळीवर बाटली ठेवलीत तर ती बाटलीतच घट्ट होईल. संशोधनपत्रिकांत ही अडचण सहसा दिसत नाही, कारण प्रयोगशाळांच्या खोल्या थंड असतात.

शेवटचा टप्पा. लातूर, एप्रिल २०१६. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागून गेली आहे. १२ तारखेच्या पहाटे मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली: दहा टाक्या, पाच लाख लिटर. रूळ आता रुंद झालेत, पण वाट जवळजवळ तीच, बार्शी लाइट रेल्वेची. शहर तिकडं बघायला लोटलंय. तुम्ही औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये या, जिथं ठिबकच्या नळ्या निघतात. या उन्हाळ्यात ठिबकची चौकशी न करणारा शेतकरी विरळा.

काळे दाणे एका टोकाला पडतात, तापलेल्या नळकांड्यात मळसूत्र त्यांना वितळवत पुढं रेटतं आणि दुसऱ्या टोकाला डायच्या गोल फटीतून नळी बाहेर येते, दोनशे अंशांच्या आसपास तापलेली, लगेच पाण्याच्या टाकीत शिरते. टाकीतलं पाणी फिरतं आहे, तेच तेच. नवं घालायला नाही, म्हणून ते कोमट झालंय आणि नळी पाहिजे तितक्या लवकर थिजत नाही. ऑपरेटर तिशीतला. मागणी आहे म्हणून मालकानं चाल वाढवायला सांगितलीय. वाढवली. तुम्ही नळीवरून नख फिरवा. खरखर लागते. प्रकाशात आडवी धरली तर बारीक वलयं दिसतात, एकाला लागून एक, शार्कच्या कातडीगत.

कारण तुम्हाला आता ओळखीचं आहे. डायच्या आत, धातूला लागून, साखळ्या थांबल्यात. मध्यभागी त्या पळताहेत. ओठातून बाहेर पडल्या क्षणी थांबलेल्या थराला एकदम नळीच्या वेगानं पळावं लागतं. त्याचं घड्याळ एवढं जलद नाही. तो ताणला जातो, ताणला जातो आणि चिरतो. चिरला की आक्रसतो, पुन्हा ताणला जातो. नळीच्या अंगावरचं प्रत्येक वलय म्हणजे अशी एक चीर. ऑपरेटर दोन गोष्टी करतो. डायच्या ओठाचा हीटर दहा अंश वर घेतो, म्हणजे नेमक्या त्या थराचं घड्याळ पुढं करतो. सगळा माल तापवत बसत नाही. आणि दाण्यांत चिमूटभर दुसरी पूड टाकतो, फ्लोरीन असलेल्या पॉलिमरची. ती मालात मिसळत नाही. डायच्या भिंतीवर हळूहळू जाऊन बसते, आणि तिच्यावरून पॉलिथिन न चिकटता घसरतं. पंधरा-वीस मिनिटांत वलयं विरतात, नळी तुळतुळीत. म्हाताऱ्या सणगरानं सगळा जन्म साखळ्यांना पृष्ठभाग धरायला लावण्यात घालवला, हा त्यांना पृष्ठभाग सोडायला लावतो, आणि दोघांच्या हाती साधनं तीच: किती जोरात ओढायचं आणि किती तापवायचं.

तेवढ्यात लाईट जाते. पंखे थांबतात, मळसूत्र थांबतं, शेडमध्ये एकदम उकडायला लागतं. ऑपरेटर शिवी हासडून मेन स्विचकडे जातो. डाय अजून तापलेलाच आहे. आतल्या मधल्या मालाला काही होणार नाही, लाईट आली की तो पहिल्या झटक्यात बाहेर पडेल. पण भिंतीलगतचा थर चालू असतानाही सगळ्यात हळू सरकतो. थांबला की तो तसाच धातूला चिकटून भाजत राहतो. त्याच्या साखळ्या तुटतात, एकमेकींना वेड्यावाकड्या जोडल्या जातात आणि कडक खडे होतात. ते नंतर एकेक करून सुटतात आणि नळीच्या भिंतीत अडकून येतात. अशा खड्याच्या जागी नळी रानात दुसऱ्याच उन्हाळ्यात फुटते.

पाऊण तासानं वीज येते. तो हीटर लावून वाट बघतो, मग मळसूत्र सोडतो. सुरुवातीला मातकट, ढेकळलेला माल येतो, मग नळी धरते. रेणापूरकडचा एक शेतकरी सकाळपासून वजनकाट्याजवळ बसलाय. तो उठून गुंडाळीला हात घालतो.

‘‘थांबा, मामा,’’ ऑपरेटर ओरडतो. ‘‘ह्यो पहिला माल तुमचा न्हाई. ह्यो भंगारात.’’